सर्व्हिस रिस्टार्ट केली की जुना लॉग (प्रोग्रॅमने काय केलं त्याची नोंद ठेवणारी फाइल) उडतो, काय करू?

रिस्टार्टनंतर जुना लॉग गायब होतोय म्हणजे बहुतेक वेळा फाइल 'राइट' मोडमध्ये उघडली जातेय, त्यात उघडल्या उघडल्या फाइल रिकामी होते, तुम्हाला 'अपेंड' (जुन्याच्या शेवटी नवं जोडणं) हवंय. पायथनच्या लॉगिंगमध्ये डिफॉल्ट अपेंडच आहे, म्हणजे कोडात कोणीतरी फाइलमोडला 'डब्ल्यू' (म्हणजे राइट) देऊन ठेवलाय का बघा आणि काढून टाका. जावाच्या स्वतःच्या फाइलहँडलरचं मात्र उलटं, तिथे अपेंड डिफॉल्टने फॉल्स असतं, ते ट्रू करा.

पण सर्व्हिस शेल स्क्रिप्टने (टर्मिनलच्या कमांड लिहिलेल्या फाइलने) चालवत असाल तर आधी तीच उघडा, एक बाण (>) असेल (तो फाइल पुसून लिहितो) तर दोन (>>) करा. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात याच एका बाणापायी रात्री सर्व्हर पडला, स्क्रिप्टने लगेच उठवलाही, पण क्रॅश का झाला ते सांगणारा लॉगच पुसला गेला, सकाळी विरार लोकलमध्ये लटकत मी फोनवर साहेबांना काय सांगणार, कप्पाळ!

अपेंड केलं की फाइल फुगत जाणार, म्हणून लॉगरोटेट (लॉगची फाइल ठरावीक काळाने बदलून जुन्या पुसणारं लिनक्सचं टूल) लावा, रोज एक फाइल आणि १४ दिवसांच्या ठेवा. त्यात कॉपीट्रंकेट (फाइलची कॉपी काढून मूळ फाइल तिथेच रिकामी करणं) वापरणार असाल तरी ते दोन बाण हवेतच, नाहीतर रोटेट झाल्यावर फाइलच्या सुरुवातीला नुसते शून्य बाइट भरलेले दिसतात.