टॅबलेटसाठी वेगळं अ‍ॅप काढू का?

माझं स्पष्ट मत: आत्ता नको. आधी कोणाकडून तरी आयपॅड माग आणि अर्धा तास निवांत बसून आपलीच साइट वाच. मेन्यू माउस वर नेल्यावरच उघडतो का? मग बोटाने वाचणारा तिथेच अडकणार. बटणं बघ, अ‍ॅपल किमान ४४ बाय ४४ पॉइंट (पडद्यावरचं माप) ठेवा म्हणतं, ते उगाच नाही. माझ्या पहिल्या साइटवर 'पुढे' आणि 'रद्द' इतके चिकटून होते की आईने भरलेला फॉर्म दोनदा पुसला गेला. नंतर टॅबलेट आडवा धर. ओळी फार लांबल्या तर डोळा पुढची ओळ चुकतो. हे सगळं सीएसएसने, म्हणजे साइटची मांडणी ठरवणाऱ्या कोडने, सुटतं, त्यासाठी अ‍ॅप लागत नाही.

फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राने २०११ मध्ये आयपॅडसाठी ब्राउझरमध्येच चालणारी आवृत्ती काढली, कारण अ‍ॅपलला वर्गणीतला ३० टक्के वाटा हवा होता आणि वाचकांची माहिती हातची जात होती. आज त्यांचं अ‍ॅप पुन्हा स्टोअरवर आहे, पण त्यांच्याकडे ते सांभाळायला माणसं आहेत. तू एकटा आहेस. वर्षाला ९९ डॉलर अ‍ॅपलला, शिवाय आयपॅडच्या सिस्टिमच्या दर नव्या आवृत्तीला दुरुस्त्या, हे खरंच जड जातं रे.

नेट नसताना वाचायला हवं असेल तर सर्व्हिस वर्कर शीक, म्हणजे साइटची पानं ब्राउझरमध्ये साठवून ठेवणारी स्क्रिप्ट. पेनने रेखाटन किंवा जड व्हिडिओ एडिटिंग असेल, तरच अ‍ॅपचं बोलू.