परफ्यूमच्या जाहिरातीतली नेहमीची मॉडेल काढून तिच्यासारखीच दिसणारी दुसरी का आणतात? लोकांना कळत नाही का?

कळतं हो. आधी बायकोला कळतं, मग आपल्याला. तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या परफ्यूमची जाहिरात लागली, तुम्ही म्हणालात तीच बाई, बायको म्हणाली छे, ही दुसरीच आहे, आणि थांबवून बघितल्यावर खरंच दुसरी निघाली. हे वाचून हसू आलं कारण याच भानगडीत मी स्वतः चांगला तोंडघशी पडलोय, ते सांगतो, पण आधी का करतात ते.

मी बडोद्याचा, इथेच फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट शिकलो आणि आता रावपुऱ्यात छोटा स्टुडिओ आहे, म्हणजे बॉक्स डिझाइन, कॅटलॉग, होर्डिंग, आणि पोटापाण्याचा मुख्य धंदा रिटचिंग, म्हणजे फोटोतला चेहरा कॉम्प्युटरवर नीटनेटका करणं. तर साबणाचा फेस दाखवता येतो, बिस्किट मोडताना दाखवता येतं, वास कसा दाखवणार? म्हणून परफ्यूमवाले एक बाई उभी करतात, तिला एक रंग देतात, एक ठरलेली मान वळवायची पद्धत देतात, आणि ते सगळं मिळून त्या बाटलीचं लेबल होऊन बसतं. डिओर या फ्रेंच कंपनीचं जादोर हे परफ्यूम घ्या. १९९९ ला आलं तेव्हा मॉडेल कार्मेन कास होती, सोनेरी केस, सगळीकडे सोनंच सोनं. २००४ पासून नटी चार्लीझ थेरॉन, परत सोनेरी केस, परत सोनं. बाटलीच्या मानेला सोन्याची वळी आहेत ना, तशीच वळी बाईच्या गळ्यात. बाईच बाटली आहे म्हणा ना. वीसेक वर्षं थेरॉननी ते चालवलं आणि २०२४ ला गायिका रिहाना आणली, तिचा चेहरा तर पार वेगळा, पण सोनं तसंच ठेवलं. म्हणजे कंपनीने खरं सांभाळलं काय, तर सोनं.

आणि दुसरं कारण अगदी बनियाचं आहे. मॉडेलचा फोटो विकत मिळत नाही, ठराविक काळासाठी वापरायला मिळतो. वर्षाचा करार, प्रिंटचे पैसे वेगळे, होर्डिंगचे वेगळे, मोबाइलवर दाखवायचे वेगळे, आणि खोक्यावर छापायचे असतील तर त्याचे आणखी वेगळे कारण खोका लोकांच्या घरात कपाटावर वर्षानुवर्षं पडून राहतो. वर त्या काळात दुसऱ्या परफ्यूमचं काम घ्यायचं नाही अशी अट, तिचेही पैसे. आता ब्रँड चालला की मॉडेलचा भाव वाढतो, साहजिक आहे, तिच्यामुळे चाललाय असं तिला वाटतं आणि मालकाला वाटतं की माझ्या मालामुळे ती चाललीय. एस्टी लॉडर या अमेरिकन कंपनीची, जिला मालकिणीचंच नाव आहे, मॉडेल कॅरन ग्रॅहम १९७० पासून पंधराएक वर्षं त्यांच्या जाहिरातींत होती आणि कित्येक बायकांना वाटायचं की हीच मालकीण एस्टी लॉडर! एवढा चेहरा चिकटला की मग मालकाची झोप उडते, कारण उद्या ही गेली तर?

आता माझं सांगतो. आमचे एक शेठ, नाव नको, डिओ आणि अत्तराचे स्प्रे बनवतात, मंगळ बाजारापासून पादरा, डभोई, छोटा उदेपूरपर्यंत माल जातो. त्यांच्या खोक्यावर चार वर्षं एकच मुलगी होती, दांडिया बाजारातली, आपल्या मराठी घरातली, तेव्हा कॉलेजात होती. शूट मीच केलं होतं. नंतर तिला बाहेर कामं मिळायला लागली आणि करार नवा करायच्या वेळी तिने तिप्पट मागितले, जे माझ्या मते अजिबात जास्त नव्हते पण शेठचं तोंड उतरलं. म्हणाले, फोटो तो मारो छे ने, पैसा में आप्या हता, म्हणजे फोटो माझा, पैसे मी दिले होते. आणि गंमत अशी की कॉपीराइटच्या कायद्यात, १९५७ चा आहे, कलम १७, त्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणाराच असतो, वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे शेठ अर्धे बरोबर होते. पण फोटो तुमचा म्हणजे त्यातला चेहरा खोक्यावर छापून माल विकायची परवानगी कायमची तुमची असं होत नाही, ती मुलीशी केलेल्या करारात असते आणि करार संपला होता. हे त्यांना दोन चहा होईपर्यंत समजावलं. शेवटी म्हणाले, तो पछी एवी ज बीजी शोधी काढो, कोईने खबर नहीं पडे, म्हणजे तशीच दुसरी शोधून काढा, कोणाला कळणार नाही.

आणि मी शोधली. इथे माझी चूक, लपवत नाही. दुसरी मुलगीही छान होती, तिची स्वतःची काही वेगळी ऐट होती, पण मी तिला तीच पिवळी ओढणी दिली, भांग त्याच बाजूला, उजेड डावीकडून, मान तेवढीच वळलेली, आणि मग कॉम्प्युटरवर बसून नाक जरा सरळ, भुवई जरा वर, हनुवटी जरा आत. रात्रभर बसलो होतो. सकाळी चहा घेत स्क्रीनकडे बघितलं तर अगदी तीच! जाम खूश झालो स्वतःवर.

खोके बाजारात गेल्यावर दहा-बारा दिवसांत पादऱ्याच्या एका दुकानदाराचा शेठला फोन, भाई, डुप्लिकेट माल आव्यो छे, पाछो लई जाओ. मग डभोईहून तसाच. मला आधी कळेचना, मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्या बाजारात नकली माल ओळखायची रीत काय आहे? नाव एका अक्षराने वेगळं, रंग तोच पण जरा फिका, आणि चेहरा तसाच पण काहीतरी चुकलेला. शेठच्या खऱ्या मालाला मी माझ्या हाताने नकलीचा चेहरा लावला होता. वेगळीच मुलगी छापली असती तर लोक म्हणाले असते नवीन खोका आला वाटतं, आणि गप घेऊन गेले असते.

पण खरी शरमेची गोष्ट पुढे. पहिल्या मुलीचे वडील स्टुडिओत आले. आमच्या बाबांचे जुने ओळखीचे, गणपतीच्या मंडळात दोघं एकत्र असायचे, मला लहानपणापासून अरेतुरे करतात. हातात खोका. म्हणाले, करार संपला ना रे, मग पोरीचा फोटो परत कसा छापलास? मी म्हटलं, काका, ही ती नाहीच, आणि फाइल उघडून मूळ फोटो दाखवला, हात न लावलेला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, बरं, ही आमची नव्हे. पण आमचीच वाटावी म्हणूनच केलंस ना हे सगळं? मला काही बोलता आलं नाही. चहा सांगितला तर नको म्हणाले, आणि ते चहाला कधी नाही म्हणत नाहीत.

नंतर या विषयावर वाचत बसलो तेव्हा कळलं की काकांनी जे विचारलं तेच न्यूयॉर्कच्या कोर्टाने डिओरला विचारलं होतं. १९८३ ची गोष्ट, जाहिरात परफ्यूमची नव्हती पण घराणं तेच. एक खोटं लग्न दाखवलं होतं, पाहुण्यांत काही खरेच प्रसिद्ध लोक, आणि त्यांच्यात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकी केनेडी ओनासिस यांच्यासारखी हुबेहूब दिसणारी एक बाई, जी प्रत्यक्षात सेक्रेटरी होती. फोटो रिचर्ड अव्हेडन या नावाजलेल्या फोटोग्राफरचा, म्हणजे काम काय साधं नव्हतं. जॅकीबाई जाहिराती करतच नसत, त्या कोर्टात गेल्या आणि १९८४ ला जाहिरात थांबवली गेली. कंपनीचं म्हणणं, अहो हा त्यांचा फोटोच नाही, आणि या सेक्रेटरीला स्वतःचा चेहरा वापरायचा हक्क नाही का? कोर्ट म्हणालं, हक्क आहे, पार्टीत जा, टीव्हीवर जा, नाटकात काम कर, पण माल विकायला लोकांना ती दुसरीच बाई वाटावी असं उभं राहता येणार नाही. मला हे एकदम पटलं. दिसणं हा गुन्हा नाही, वाटायला लावणं हा आहे.

आपल्याकडे याचा असा वेगळा कायदा नाही, पण कोर्टं नावाजलेल्यांच्या बाजूने उभी राहतात, दिल्ली हायकोर्टाने २०२२ ला अमिताभ बच्चनचं नाव, आवाज, फोटो परवानगीशिवाय वापरायला बंदी केली आणि २०२३ ला अनिल कपूरच्या वेळी तर त्याचं ते झकास पण त्यात आलं. दांडिया बाजारातल्या मुलीसाठी मात्र कोण हायकोर्टात जाणार, तिच्याकडे फक्त कराराचा कागद. म्हणून नव्याने काम करणाऱ्या मुलामुलींना मी आता स्वतःच सांगतो की बाळा, खोक्याचं वेगळं लिहून घे, आणि मुदत संपल्यावर छापलेला उरलेला माल किती महिने विकता येईल तेही लिहून घे.

तुमच्या प्रश्नात अजून एक बारीक गोष्ट आहे, प्रत्येक वेळी सारखी दिसणारी आणली म्हणजे लबाडी असं नाही. कधी कधी ती जागाच तशी असते, रामलीलेत सीता दरवर्षी वेगळी असली तरी साडी तीच. डोल्चे अँड गबानाचं लाइट ब्लू परफ्यूम बघा, २००७ ला डेव्हिड गँडी आणि मारिया वुयोविच हे मॉडेल, इटलीतल्या काप्री बेटाचे ते समुद्रातले खडक, होडी, पांढरे पोहायचे कपडे. २०१३ ला गँडी तोच, खडक तेच, होडी तीच, बाई मात्र बियांका बाल्टी, आणि तिचेही केस काळेभोर. होर्डिंगवरून गाडीने जाताना कोणाला फरक कळतोय. पण तिचं नाव उघड होतं, वुयोविच असल्याचं कोणी भासवलं नव्हतं. आपला लिरिल साबण तरी काय, १९७५ ला कॅरन लुनेल धबधब्यात नाचली आणि मग पूजा बत्रा झाली, प्रीती झिंटा झाली, लोक म्हणायचे नवीन लिरिल गर्ल कोण? पोरगी बदलणार हे घरातल्या लहान मुलालाही माहीत होतं.

आणि बडोद्याच्या माणसाने तर यात जास्त नाक मुरडू नये. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आमच्याकडे फत्तेसिंह म्युझियममध्ये आहेत, पण त्याच्या छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती एवढ्या खपल्या की बाकीच्यांनी तोच चेहरा थोडा इकडेतिकडे करून काडेपेट्यांवर, कॅलेंडरवर, कुठे कुठे लावला. त्या लक्ष्मीने कोणाशी करार केला नव्हता म्हणून चाललं.

शेठचं पुढे काय झालं विचाराल तर दोन्ही मुलींचे चेहरे खोक्यावरून गेले. आता फक्त मान, खांदा आणि कानात मोठा झुमका, चेहरा नाहीच. तो खांदा दुसरीचा आहे आणि यावेळी मी कशालाही हात लावलेला नाही. पहिलीला शेठने जुन्या खोक्यांचे थोडे पैसे दिले, काकांनीच बसून ठरवलं, चहाही घेतला.

राहिला तुमच्या घरातला वाद. पुढच्या वेळी चेहऱ्याकडे बघू नका, तो आम्ही गुळगुळीत करून सगळ्यांचा एकसारखाच करून ठेवतो. कान बघा. पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, वरची कड कशी वळलीय, प्रत्येकाची वेगळी असते आणि रिटचिंगवाले कानाकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत, मी तर बघितलंच नव्हतं. काकांनी बहुतेक तेच बघितलं असणार. झुमका घातलेला असेल तर मात्र बायको म्हणेल ते खरं.