‘नाव तर खोडलं होतं ना?’

प्रश्न : ताई, मी विद्यापीठात शिकवते. ऑनलाइन जबाबदारीनं कसं वागावं, यावर यंदा तासिका घ्यायच्या आहेत. नियम सांगितले की मुलं माना डोलावतात आणि त्याच तासाला कुणाचा तरी स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतो. काय करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : नियमांचा कागद बाजूला ठेवा आणि मुलांना एक घडलेलं प्रकरण द्या. २००८ साली संशोधकांनी एका कॉलेजच्या एका अख्ख्या बॅचची फेसबुकवरची माहिती अभ्यासासाठी खुली केली. मुलांची नावं काढली होती, कॉलेजचंही नाव दिलं नव्हतं. तरी ते कॉलेज हार्वर्डचं, हे लवकरच उघड झालं. सोबतच्या माहितीपत्रकात विषयांची यादी होती आणि त्यातले काही विषय त्या नावानं फक्त तिथंच शिकवले जात! माहिती गोळा करणारे मदतनीसही तिथलेच विद्यार्थी. म्हणजे कुणी ‘फक्त कॉलेजमधल्यांना दिसावं’ म्हणून ठेवलेलं त्यांना सहज दिसत होतं.

इथं थांबा आणि विचारा, चुकलं कुणाचं? मुलं भांडतील. ‘सगळ्यांना दिसतच होतं की’ असं कुणीतरी म्हणेलच. त्या वाक्यावर हवा तेवढा वेळ द्या, माझ्या मते खरा अभ्यासक्रम तोच आहे. दिसणं आणि वापरायची परवानगी असणं यांत फरक आहे, हे मुलांना वादातून उमगू दे. तुम्ही सांगू नका.

मग प्रयोग करा. प्रत्येकानं स्वतः पाठवलेला एखादा साधा मेसेज नाव खोडून द्यायचा. स्वतःचाच हं, दुसऱ्याचा अजिबात नको. आणि ज्याला द्यायचा नसेल त्याला कारण विचारू नका. बाकीच्यांनी ओळखायचं, हा कुणाचा. शब्दामागे तीन टिंबं देणारी, रात्री दोनला लिहिणारा, ‘आहे’चं ‘आहेय’ करणारा... बरेच जण पटकन सापडतील. नाव खोडलं की झालं, हा समज तिथंच गळून पडतो.

पासवर्ड, बनावट खाती वगैरे एका तासात उरका, त्यात त्यांना तुमच्याहून जास्त कळतं. गुणांसाठी मात्र बहुपर्यायी प्रश्न नकोत. मैत्रिणीचा फोटो किंवा मेसेज पुढे पाठवण्याआधी तिला काय लिहून विचाराल, तो मजकूरच लिहायला सांगा. ‘नाही’ म्हणायला तिला त्यात सहज वाव आहे का, एवढं बघून गुण द्या.