लेकाच्या नावानं दौड काढायची, पण घरात एकमत नाही

तरणंताठं माणूस गेल्यावर त्याच्या नावानं काहीतरी करावं, असं घरच्यांना वाटतं. मग शंका येते: या धावपळीत आपण दुःख टाळतोय का? आणि घरातल्याच एकाला ते नको असेल तर?

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या, अमळनेर तालुक्यातल्या एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कापूस पिकवणारं घर. थोरला मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, म्हणून रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळायचा. मे महिन्यात मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. दिवसकार्य उरकल्याबरोबर भाऊंनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलं: वर्षश्राद्धाला गावात स्मृती दौड काढायची, टी-शर्टवर त्याचा फोटो छापायचा आणि शिष्यवृत्ती सुरू करायची. दिवसभर त्यांचे फोन चालायचे. ताई, म्हणजे आई, मात्र गप्प. खूप उशिरा त्या अहिराणीत एवढंच बोलल्या, "मना पोऱ्याना नाववर लोके पयतीन, आनि मी काय टाया वाजू?" (माझ्या पोराच्या नावावर लोक पळतील, आणि मी काय टाळ्या वाजवू?)

बायको साथ देत नाही, ही भाऊंची तक्रार. यांना पोराला विसरायचंय, ही ताईंची. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेला विचार मला अशा वेळी फार उपयोगी पडतो. शोकातला माणूस कधी आठवणींत बुडतो, कधी पुढच्या कामाला लागतो. या ये-जा करण्यातूनच तो सावरत जातो. या घरात दोघांनी एकेक टोक धरून ठेवलं होतं. भाऊंना मी दौड सोडायला सांगितलं नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ फोन बंद करून ताईंजवळ बसा, एवढंच मागितलं. ताईंवर कुठलंच काम टाकलं नाही.

पुढे अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आपल्या खान्देशात त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर नैवेद्य वाहतात. गेलेल्याशी नातं राखायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे, म्हणून स्मृती दौडीकडेही मी संशयानं पाहत नाही. ताईंनी लेकाच्या नावानं घागर भरली आणि भाऊ तिथेच ओक्साबोक्शी रडले. त्यानंतर दोघं एकमेकांशी त्याच्याबद्दल बोलू लागले.

वर्षश्राद्धाच्या दौडीला मात्र माझा स्पष्ट विरोध होता. एक तर मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात पोरांना पळवणं धोक्याचं. दुसरं, पहिलं वर्षश्राद्ध घरच्यांना फार जड जातं, त्या दिवशी घरात आपलीच माणसं असावीत. दौड डिसेंबरात, त्याच्या वाढदिवसाला ठेवली. ताईंनी यायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं आणि कुणी कारण विचारायचं नाही, हेही आधीच ठरलं.

शिष्यवृत्तीचं मी प्रत्येक कुटुंबाला सांगते: दहा वर्षांनीही झेपेल एवढीच ठेवा. दोन वर्षांत ती बंद पडली की आईबापांना मूल पुन्हा गेल्यासारखं वाटतं. या दोघांनी स्वतःच्या पैशातून ३ लाखांची मुदत ठेव केली. ६ टक्क्यांनी वर्षाला १८,००० रुपये व्याज, म्हणजे दोन मुलांना प्रत्येकी ९,०००. मुद्दलाला हात लावायचा नाही. लोकांकडून देणग्या घ्यायच्या असतील, तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नियम विचारून घ्या. हिशेबावरून गावात झालेली कुजबुज शोकातल्या घराला सोसवत नाही.

अट ताईंनी घातली. मार्कशीट मागायची नाही. पोरगं किंवा पोरगी रोज पहाटे मैदानावर येते का, तेवढं बघायचं. अर्ज त्याच वाचतात. दौडीला त्या अजूनही जात नाहीत, आणि भाऊंनाही आता त्याचं वाईट वाटत नाही. निवडलेल्या मुलांना घरी जेवायला बोलावून पैसे त्या स्वतःच्या हातानं देतात.

तुमच्या घरात कुणाची झोप-भूक महिनोन्‌महिने परतली नसेल, तर दौड-शिष्यवृत्ती बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगणंच नको, असं कुणी बोलत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि आजच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथं रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.