राखीव जागेवरचा राग आणि शैक्षणिक कर्जाचा खरा आकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला सीईटीत ९३ पर्सेंटाइल, खुला प्रवर्ग, म्हणून खाजगी अभियांत्रिकी कॉलेज. तिच्याच वर्गातल्या, तिच्याहून कमी पर्सेंटाइल असलेल्या मुलाला राखीव जागेवर सरकारी कॉलेज. घरचं वार्षिक उत्पन्न ७ लाखांच्या आत. बँकेने ६ लाखांचं शैक्षणिक कर्ज कबूल केलंय आणि "शिक्षण होईपर्यंत एक रुपया भरायचा नाही" असं सांगितलंय. हा न्याय आहे का, आणि कर्ज घ्यावं का? मी बँकेत कर्ज विभागात होतो, निवृत्तीनंतर मुलांना कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, फॉर्म भरायला मदत करतो. म्हणून दोन्हींवर लिहितो.

तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या दारात उभा आहे. त्या मुलाने तुमच्या मुलीची जागा घेतलेली नाही. सरकारी कॉलेजांत जागाच थोड्या, आणि खाजगीतली फी मध्यमवर्गाला न पेलणारी, ही मूळ अडचण. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत २० टक्के जागा संस्था पातळीवर, म्हणजे कॉलेजकडूनच, भरल्या जातात. त्यातल्या एनआरआय जागांची फी नेहमीच्या फीच्या कितीतरी पट असते. तिथे ऐपतीलाच आरक्षण आहे, पण त्यावर कुणी गुणवत्तेचा प्रश्न काढताना मी ऐकलेलं नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पटतो. सवलत नेमकी कुणापर्यंत पोचते हे विचारलंच पाहिजे. इंद्रा साहनी खटल्याच्या १९९२ च्या निकालाने ओबीसींसाठी क्रीमी लेयरची, म्हणजे त्यांच्यातल्या सुस्थितीतल्या घरांना सवलतीतून वगळण्याची, अट आणली. त्यासाठीची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून ८ लाख आहे, पण ती मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. त्यामुळे चांगल्या पगाराचं घर कधी कधी आत राहतं आणि छोटं दुकान चालवणारं बाहेर पडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे त्यांच्यात पोटगट करून वेगळा वाटा द्यायला, मान्यता दिली, तीही याच काळजीतून. ही चर्चा व्हायला हवी. पण ती वर्गातल्या त्या एका मुलाचे गुण दाखवून होत नाही. तो कुठल्या घरातून आला, क्लास लावता आला का, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही.

आणि जागा मिळाली म्हणजे शिक्षण मिळालं असंही नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानात ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या नोकऱ्यांत. पण त्या जागांपर्यंत शिकलेली मुलं पोचावीत म्हणून कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगं उभी केली. राहण्याजेवणाची सोय नसेल तर राखीव जागा कागदावरच राहते, हे त्यांनी ओळखलं होतं. आज १२० वर्षांनी काय? २०२४ मध्ये मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली आणि १७,५०० रुपये वेळेत न भरता आल्याने ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ चा, पूर्ण न्यायासाठी खास आदेश देण्याचा, अधिकार वापरून ती परत मिळवून दिली. १७,५०० रुपयांसाठी! कोर्टापर्यंत न पोचलेली मुलं किती असतील याचा विचार करून मला अस्वस्थ व्हायला होतं.

बँकेत हेच दुसऱ्या बाजूने दिसायचं. बँकांच्या ठरलेल्या शैक्षणिक कर्ज योजनेत साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्यापुढे मालमत्ता. भूमिहीनाचं पोर खाजगी वैद्यकीय कॉलेजात निवडलं गेलं तरी इथे अडतं, कारण सात-बाराच नाही. तुमचंही तसंच आहे, फक्त एक पायरी वर. तुम्ही दोघं एकाच काउंटरसमोर उभे आहात.

आता तुमच्या कामाचं. मुलीचा ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला काढला आहे का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. प्रवेश कॅपमधून हवा, संस्था पातळीवरच्या जागेला ती लागू नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत, म्हणून कॉलेज कशाखाली येतं ते आधी तपासा. दाखला राज्याच्या नमुन्यात लागतो, केंद्राचा वेगळा. तहसीलमध्ये आजच अर्ज करा. मिळाला तर ६ लाखांची गरजच उरणार नाही, फक्त वसतिगृह, विकास शुल्क, लॅपटॉप यांचा खर्च राहील.

तरी कर्ज घ्यावं लागलंच, तर "एक रुपया भरायचा नाही" या वाक्याची किंमत बघा. दर वर्षी दीड लाख असे चार टप्पे, व्याज १० टक्के, हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू. या काळात सरळ व्याज धरलं तरी पहिल्या टप्प्यावर पाच वर्षांचं ७५,००० होतं, दुसऱ्यावर ६०,०००, मग ४५,००० आणि ३०,०००. एकूण २,१०,००० रुपये, आणि हे व्याज मुदलात मिळवलं जातं. म्हणजे मुलगी पहिला हप्ता भरेल तेव्हा ६ लाखांचं कर्ज ८ लाख १० हजारांचं झालेलं असेल. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १०,७००, एकूण फेड सुमारे १२ लाख ८४ हजार. "हप्ता हलका करून देतो" म्हणत १५ वर्षं केली तर हप्ता ८,७०० वर येतो, पण फेड साडेपंधरा लाखांच्या वर जाते.

शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर? पहिल्या वर्षी महिना १,२५०, मग २,५००, ३,७५०, शेवटी ५,०००. मुदल ६ लाखच राहतं आणि दहा वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. असं व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात १ टक्का सूटही देतात, ती मागून घ्या.

प्रक्रिया शुल्क, तारण असेल तर मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल आणि मुद्रांक, हे खर्च वेगळे. सगळ्यात गुपचूप येतो तो विमा: एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात आणि त्यावरही वर्षानुवर्षं व्याज चढतं. मुदतीचा विमा असावा, पण बँक सांगेल त्याच कंपनीचा घेण्याची सक्ती करता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून आलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. जाहिरातीतला दर बाजूला ठेवून दोन बँकांचे एपीआर शेजारी मांडा. बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. शैक्षणिक कर्जावरची आयकर सवलत फक्त जुन्या करपद्धतीत, व्याजावर, आठ वर्षं मिळते.

उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याने पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेचीही चौकशी करा. कॉलेज त्या योजनेच्या यादीत असेल तर कर्जाला तारण लागत नाही आणि १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळातल्या व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. शाखेत जाताना मुलीला सोबत न्या. कर्जदार ती आहे, तुम्ही सहकर्जदार. हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांचंही बिघडतं, म्हणून वरचे आकडे तिला स्वतःला कागदावर मांडू द्या आणि मगच दोघांनी सही करा.