पिल्लांच्या आधी ऊब घरात आणा

परसदार : वाचकांचे प्रश्न

मृग जवळ आला की या सदराच्या टपालात भाजीची पत्रं मागं पडतात आणि कोंबडीच्या पिल्लांची पुढं येतात. यंदाच्या पत्रांतली चार इथं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातलं नुकसान मी स्वतः सोसलेलं आहे.

प्रश्न : ताई, दारावर मोटारसायकलवरून पिल्लं विकणारा आला होता. मुलीनं हट्ट धरला म्हणून 20 घेतली. बिस्किटांच्या खोक्यात जुनी साडी अंथरली, वर 9 वॅटचा एलईडी बल्ब सोडला. तांदळाच्या कण्या आणि पाणी वेळच्या वेळी देत होते. तरी पाचव्या दिवशी 6 उरली. रोज सकाळी दोन-तीन कोपऱ्यात मरून पडलेली असायची. मुलगी धड जेवत नाही. कसला रोग होता? आणि परत आणावीत का? – एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : रोगापेक्षा मला गारठ्याचा संशय जास्त येतो. तुम्हीच लिहिलंय, ‘रोज सकाळी’ आणि ‘कोपऱ्यात’. रात्री पिल्लं गारठली, ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढली आणि खालची गुदमरली. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. तुमच्या पिल्लांना रात्रभर लख्ख उजेड होता आणि अंगाखाली ओली साडी होती.

स्वतःला दोष देत बसू नका. 1998 च्या मृगात मी 50 गिरिराज पिल्लं आणली होती. आमचा भुदरगड तालुका, पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन नाही. विकणाऱ्यानं पैसे मोजून घेतले, पण उबेचं अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या रात्री वाऱ्यापावसात लाइट गेली. मी झोपलेलीच राहिले. पहाटे कंदील घेऊन गेले तर खोक्याच्या एका कोपऱ्यात सगळा ढीग. वरची पिल्लं अजून चिवचिवत होती. ती एकेक करून उचलली, आणि खाली खाली जाईल तशी हाताला गार लागत गेली. सगळ्यांत तळाचं पिल्लू ओलंचिंब, चपटं झालेलं. त्याची चोच खोक्याच्या फटीत घुसलेली होती, हवेसाठी. 31 गेली त्या रात्री. ती चोच मला अजून दिसते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

दोन-चार दिवसांच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात. पिसं भरेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, त्याला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. कोंबडी असती तर ते तिच्या पोटाखाली शिरलं असतं. विकत आणलेल्या पिल्लाला ती आई तुम्हीच करून द्यायची आणि ती पिल्लं घरी यायच्या आधी तयार पाहिजे. पिल्लं सकाळी येणार असतील तर बल्ब आदल्या संध्याकाळी लावा. तूस आणि खालची जमीन गरम व्हायला रात्र लागते.

बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा, पिवळ्या उजेडाचा. हल्ली सगळ्या दुकानांत मिळत नाही, तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात विचारा. पिल्लामागे 2 वॅट असा हिशेब सांगतात, तो उन्हाळ्यात पुरतो. कोकणातल्या पावसात 20 पिल्लांना मी 60 वॅटचे दोन बल्ब लावीन. दोन अशासाठी की एक उडाला तर रात्र निभावते. जमिनीपासून हातभर उंचीवर टांगा, आणि सुतळीनं नको, तारेनं बांधा. सुतळी तुटून बल्ब तुसात पडला तर घर पेटेल.

खोकं टाकून द्या. जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंचीचा गोल कडा करा, 20 पिल्लांना तीन फूट रुंदीचा पुरे. गोल अशासाठी की कोपराच राहत नाही, मग ढीग होत नाही. खाली दोन इंच भाताचा तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर पिल्लं तूसच टिपून खातात. गुळगुळीत रंगीत कागद मात्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली पिल्लाच्या उंचीला साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायची. थर्मामीटर असला तर चांगलं. नसला तर पिल्लं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन एका सुरात जोरजोरात ओरडत असतील तर गारठलीत, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर बल्ब वर. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय, तिथं पोतं लावा. आणि गोलभर पसरून, काही खातायत, काही पाय ताणून आडवी झोपलीत, मधूनच बारीक चिवचिव, असं दिसलं की तुम्ही झोपायला जा. रात्री एकदा उठा मात्र. पहिले दहा दिवस मी रात्री दोनचा गजर लावते, आजही. लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा आणि वरून पोतं टाका, हवेला फट ठेवून. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या वायूनं पिल्लंही मरतात आणि माणसंही.

आता पिल्लू कुठून आणायचं ते. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लानं बलक पोटात ओढून घेतलेला असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तगतं, म्हणून तर पेटीत घालून लांबच्या गावी पाठवता येतं. दारावर येणाऱ्याच्या टोपलीतल्या पिल्लांनी त्यातले किती दिवस संपवलेत, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. त्यांना लस दिली का, तेही नाही. म्हणून मी दारावर घेत नाही. सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि नागपूरला आहेत. आधी नोंदणी करावी लागते, थांबावंही लागतं. वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज, कावेरी या सुधारित जाती परसात चांगल्या चालतात. वर्षाला 50-60 अंडी देणाऱ्या आपल्या गावठीपेक्षा अंडी जास्त मिळतात, फक्त त्या सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाहीत.

पिल्लू हातात घेऊन बघा. बेंबी सुकलेली, बंद हवी. डोळे टपोरे, पायाची कातडी तकतकीत. हळूच पाठीवर ठेवलं तर लगेच उलटून उभं राहिलं पाहिजे.

घरी आणल्यावर आधी पाणी, मग दाणा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, सगळ्यांची, कंटाळा न करता. एकाला समजलं की बाकीची शिकतात हे खरं, पण जे शिकत नाही ते मरतं. ताटलीत गोटे टाका, नाहीतर बुडतात. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या कण्यांवर पिल्लू जगत नाही, त्याच्या खाद्यात शेकडा 20 च्या आसपास प्रथिनं लागतात. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्यही घालू नका, त्यातला चुना पिल्लाच्या मूत्रपिंडाला बाधतो. पहिल्या रात्री झोपण्याआधी चार-पाच पिल्लांच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटानं चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लं मार्गी लागली. रिकामी किंवा कडक लागली तर दाणा-पाणी उबेच्या जवळ आणा.

परत आणा, पण या पावसात नको. दसरा झाला की आणा. तोवर उरलेली 6 मुलीच्या हाती द्या. पाणी बदलायचं काम तिचं.

प्रश्न : आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या मुलानं जत्रेतून एक गुलाबी आणि एक हिरवं पिल्लू आणलंय. ही वाढतील का? अंडी देतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : रंग पिल्लाचा नाही, वरून दिलेला आहे. पिसं आली की जातो. अंड्यांसाठी पाळायच्या जातीत नराचा कारखान्याला उपयोग नसतो. माद्या वेगळ्या काढल्या की उरलेले नर कवडीमोलानं जातात आणि त्यांतले काही असे रंगवून जत्रेत येतात. म्हणजे तुमचे दोघेही बहुतेक कोंबडेच होतील, अंडी नाहीत. वर लिहिल्याप्रमाणे ऊब दिलीत तर वाढतील, आणि दोन-तीन महिन्यांचे झाले की पहाटे आरवायला लागतील. त्याआधी गावाकडं ज्यांचं अंगण आहे अशा नातेवाइकांशी बोलून ठेवा. मुलाला खरं सांगा, त्याला समजतं. पुढच्या जत्रेत विकत घेऊ नका, एवढं मात्र मी कळकळीनं म्हणेन. आपण घेतो म्हणून रंगवतात.

प्रश्न : माझी 15 पिल्लं सहा दिवसांची आहेत. लस द्यायची म्हटलं तर बाटली 100 डोसांची, वाया जाणार. एवढ्याशा पिल्लांना लस खरंच लागते का? – एक वाचक, आजरा

उत्तर : लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गल्लीत शिरली की मान वाकडी होऊन कोंबड्या गरगर फिरतात आणि चार-आठ दिवसांत खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही. लस तेवढीच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहा-सात आठवड्यांना देवीची. अचूक तारखा तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या, भागाप्रमाणे थोडा फरक करतात.

वाया जाण्यावर आमच्या गल्लीत तोड काढली आहे. कुणाचीही पिल्लं आली की सात-आठ घरं एक दिवस ठरवतो. एकजण थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणतो, कारण लस गरम झाली की तिच्यात दम राहत नाही. बाटलीत द्रावण मिसळलं की दोन तासांत संपवायची, म्हणून भल्या सकाळीच बसतो. एकानं पिल्लू धरायचं, एकानं थेंब सोडायचा, पिल्लानं डोळा मिटून उघडला की थेंब आत गेला समजायचं आणि मगच खाली सोडायचं. आजारी, मलूल पिल्लाला त्या दिवशी लस नाही. तुम्ही सहाव्या दिवशी आहात, म्हणजे उद्याच शेजाऱ्यांना विचारा.

आणि लहान-मोठ्या कोंबड्या एकाएकी धडाधड मरायला लागल्या तर ओढ्यात टाकू नका, कापून खाऊ नका, दवाखान्याला कळवा. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू सापडला, देशातला तो पहिला. इतक्या लांब आमच्याकडंही महिनाभर कुणी अंडं घेत नव्हतं. लपवाछपवीनं सगळ्यांचंच नुकसान होतं.

प्रश्न : माझी गावठी कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली विकतची पिल्लं सोडली तर घेईल का? आमची आजी म्हणते घेते, सून म्हणते मारते. – एक वाचक, गारगोटी

उत्तर : दोघींचंही खरं आहे, वेळेवर अवलंबून आहे. कोंबडी कालच खुडूक बसली असेल तर टोचून मारील. निदान अडीच-तीन आठवडे अंड्यांवर बसलेली हवी, म्हणजे 21 दिवसांचा तिचा हिशेब पुरा होत आलेला असतो. पिल्लंही एक-दोन दिवसांचीच हवीत. आठवड्याचं पिल्लू तिला आई मानत नाही. आणखी एक बघा, कोंबडीच्या पंखाखाली उवा-लिखा असतील तर पिल्लांना सोडण्याआधी दवाखान्यातून पावडर आणून तिचं अंग साफ करा.

काम रात्री करायचं. अंधारात कोंबडीला दिसत नाही. मी बॅटरी लावत नाही, हात ओळखीचा असला की पुरे. तिच्या पोटाखालून एक अंडं काढायचं, तिथंच एक पिल्लू सरकवायचं. थांबायचं. ती आतल्या आत घुमल्यासारखा आवाज काढते आणि पोट थोडं उचलून पिल्लाला आत घेते, ते हाताच्या पाठीला कळतं. मग पुढचं अंडं, पुढचं पिल्लू. दहा-बारापेक्षा जास्त नको, पंखाखाली मावली पाहिजेत.

पहाटे उजाडायच्या आत जाऊन बसा. पिल्लू बाहेर आल्यावर तिनं दाणा टिपून ‘कुक् कुक्’ करत पुढ्यात टाकला तर झालं तुमचं काम. चोच मारली तर लगेच काढून घ्या, दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका, बल्ब लावा. घेतली तरी पाच-सहा दिवस डालग्याखाली डाला. आमच्याकडं पहिल्याच दिवशी मोकळी सोडली तेव्हा घारीनं दोन उचलली, आणि रात्री घुशीनं बिळातून येऊन एक नेलं. डालग्याखाली फरशी असू द्या, वर दगड ठेवा, आणि पाण्याची ताटली जड, मातीची घ्या. कोंबडी पायानं उकरते, हलकी ताटली उलटते, आणि पिल्लं ओली होतात.