क्रमवारी लावण्याआधी

प्रिय,

तुझा तक्ता दोनदा वाचला. मोफत कायदेशीर मदतीवरचा सरकारी खर्च, त्याला लोकसंख्येने भागून दरडोई आकडा, आणि शेवटी देशांची क्रमवारी. हिशेब चोख आहे. तरीही ही क्रमवारी एवढ्यात छापू नकोस.

इंग्लंड वर का दिसतं, ते बघ. तिथे पुरावा गोळा करणं, साक्षीदारांना प्रश्न विचारणं हे सगळं दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या अंगावर. जर्मनीत साक्षीदाराला प्रश्न मुख्यतः न्यायाधीशच विचारतात, म्हणजे त्या कामाचा पैसा न्यायालयांच्या खर्चात पडतो. तुझ्या रकान्यात येतच नाही. शिवाय तिथे कितीतरी घरांनी कायदेशीर खर्चाचा विमा घेतलेला असतो. स्वीडनने तर १९९७ मध्ये कायदाच बदलला: आधी विमा, मग सरकारी मदत. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन निकालाने गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला वकील देणं राज्यांवर बंधनकारक झालं, पण तो पैसा राज्यांच्या आणि काउंट्यांच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या) अंदाजपत्रकांत विखुरलेला आहे. नुसतं केंद्राचं अंदाजपत्रक चाळलंस तर तो हाती लागणार नाही.

आणि खर्च घटला म्हणजे गरज घटली, असं समजू नकोस. २०१३ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक कौटुंबिक वाद मदतीच्या कक्षेबाहेर गेले. खर्च उतरला, आणि कौटुंबिक न्यायालयांत वकिलाविना उभे राहणारे पक्षकार वाढले.

आयर्लंडच्या जोहाना एअरींचा खटला मुळातून वाच. त्यांना नवऱ्यापासून न्यायिक विभक्ती, म्हणजे घटस्फोटाविना न्यायालयाच्या हुकमाने वेगळं राहणं, हवी होती. वकिलाला द्यायला पैसे नव्हते आणि सरकारी मदत त्या कामाला मिळतच नव्हती. सरकार म्हणालं, वकिलाची सक्ती कुठे आहे? बाईंनी स्वतः यावं. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने नोंदी पाहिल्या. १९७२ ते १९७८ या सात वर्षांत तिथे असे २५५ अर्ज झाले होते आणि त्यातल्या प्रत्येक अर्जदाराच्या बाजूने वकील होता. दार उघडं होतं म्हणे, पण वकिलाशिवाय त्यातून कुणीच आत गेलेलं नव्हतं. १९७९ मध्ये निकाल एअरींच्या बाजूने लागला. न्यायालयाने पाहिलेला तो आकडा खर्चाचा नव्हता, हे लक्षात घे.

म्हणून दरडोईच्या शेजारी प्रत्येक प्रकरणामागचा खर्च मांड. न्यायालयांचा खर्च वेगळ्या रकान्यात घे. आणि वकिलाविना किती जण उभे राहतात, हा रकाना घालच. ज्या देशाची ती नोंद सापडणार नाही तिथे जागा कोरी ठेव, रकाना मात्र काढू नकोस. नवा तक्ता झाला की लगेच पाठव, मी वाट पाहतोय.